उत्तर सापडले, सगळी सापडली का?

श्रीनिवास रामानुजन यांच्या शाळकरी वयातली एक गोष्ट सांगितली जाते. कुंभकोणमच्या शाळेत वरच्या वर्गातल्या एका मुलाने त्यांना कोडे घातले. एका संख्येचे वर्गमूळ आणि दुसरी संख्या यांची बेरीज ७; पहिली संख्या आणि दुसरीचे वर्गमूळ यांची बेरीज ११. संख्या कोणत्या? उत्तर तत्काळ आले: ९ आणि ४. ताळा सोपा आहे. ३ अधिक ४ सात, ९ अधिक २ अकरा.

गोष्टीला एवढे पुरते. गणिताला पुरत नाही, कारण हीच एक जोडी आहे, दुसरी नाही, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

वर्गमुळांनाच अ आणि ब म्हटले, तर कोडे असे होते: अ² + ब = ११ आणि अ + ब² = ७. दोन समीकरणे, दोन अज्ञात. अभियंत्यांना ही जोडी वेगळ्याच कारणाने ओळखीची आहे. डेव्हिड हिमेलब्लाऊ यांनी १९७२ मधल्या आपल्या पुस्तकात याच दोन समीकरणांपासून एक फलन तयार केले, आणि तेव्हापासून लघुतम किंमत शोधणारा कोणताही नवा प्रोग्रॅम त्यावर घासून पाहण्याची रीत पडली. तिथे उत्तर एक नाही, चार आहेत. पहिले अ = ३, ब = २. बाकीची तीन कोणाला तोंडी सुचणार नाहीत: (३.५८४, −१.८४८), (−२.८०५, ३.१३१) आणि (−३.७७९, −३.२८३). वर्गमूळ धन धरायचे असल्यामुळे या तिन्ही जोड्या मूळ कोड्यातून बाद होतात. म्हणजे रामानुजन यांचे उत्तर एकमेव आहे. पण ते एकमेव आहे हे ठरवायला उरलेली तीन हुडकून, तपासून बाजूला काढावी लागली.

आमच्या मते हा फरक शिकवण्यातही आणि व्यवहारातही फार हलक्याने घेतला जातो. उत्तर काढणे आणि सगळी उत्तरे काढणे हे एकाच कामाचे लहान-मोठे आकार नाहीत. पहिल्यात एक जोडी दाखवली, ताळा जुळला, की वाद संपतो. दुसऱ्यात न सापडलेल्या गोष्टींबद्दल हमी द्यायची असते, आणि ती हमी शोधाशोध कितीही वाढवली तरी आपोआप मिळत नाही. सवय लागते ती दहावीत. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणात दोन सरळ रेषा असतात. त्या एका बिंदूत छेदतात, समांतर असतात किंवा एकमेकींवर बसतात. चौथा प्रकार नाही. क्रेमरच्या निश्चयकांनी काढलेले उत्तर आले की काम खरोखरच संपते. पुढे अभियांत्रिकीला न्यूटन–राफसन पद्धत येते, रेषा जाऊन वक्र येतात, तरी उत्तराखाली दोन रेघा ओढण्याची सवय तीच राहते.

ही पद्धत जुनी आहे. न्यूटनने १६६९ मध्ये एका अज्ञाताच्या घन समीकरणावर ती चालवली, राफसनने १६९० मध्ये तिला सुटसुटीत रूप दिले, आणि दोन समीकरणांपर्यंत ती १७४० मध्ये थॉमस सिम्प्सनने नेली. कल्पना अशी: एका अंदाजापाशी उभे राहायचे, तिथे दोन्ही वक्रांच्या जागी सरळ रेषा आहेत असे समजायचे, त्या रेषांचे दहावीसारखे उत्तर काढायचे, आणि तो नवा अंदाज धरायचा. आपल्या जोडीवर (०, ०) पासून निघालो तर पहिलीच उडी (७, ११) वर जाते. मग (३.८८, ५.६४), (२.९५, ३.१८), (२.९६, २.२२), (३.००, २.०१). पुढच्या दोन पायऱ्यांत ३ आणि २ असे स्वच्छ आकडे मिळतात. जवळ पोहोचल्यावर बरोबर अंकांची संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते. या वेगामुळेच ही पद्धत साडेतीनशे वर्षे टिकली आहे.

पण तिने दिले ते एकच उत्तर. उरलेल्या तिघांबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे हजार ठिकाणांहून सुरुवात करायची आणि जी वेगवेगळी उत्तरे येतील ती गोळा करायची. लिहायला दहा ओळी, चालवायला सेकंदभर. अहवालांत आणि प्रबंधांत दिसणारी ‘सर्व उत्तरे’ बहुधा याच वाटेने आलेली असतात. तळ्यात गळ टाकून बसणाऱ्याला गळाला लागलेले मासे मोजता येतात. तळ्यात मासे किती, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि जो मासा आमिषाला तोंडच लावत नाही तो तर कधीच मोजला जात नाही. काही उत्तरांचा ओढा दूरवर पसरलेला असतो, काहींचा सुईच्या अग्राएवढा. शिवाय या ओढ्यांच्या सीमा सरळ नसतात. आर्थर केली यांनी १८७९ मध्ये हाच प्रश्न संमिश्र संख्यांसाठी विचारला होता, आणि संमिश्र संख्येचे एक समीकरण म्हणजे दोन वास्तव अज्ञातांची दोन समीकरणेच. वर्ग समीकरणाला त्यांना उत्तर मिळाले: प्रतलाचे दोन सरळ भाग होतात, प्रत्येक भाग आपापल्या मुळाकडे जातो. घन समीकरणापाशी ते अडले. ते का अडले हे संगणकाने चित्र काढल्यावर दिसले. १ च्या तीन घनमुळांसाठी सीमेवरच्या कुठल्याही बिंदूच्या कितीही जवळ गेले, तरी तिथे तिन्ही मुळांकडे नेणारे आरंभबिंदू असतातच. अशा नकाशावर ‘थोडे इकडून, थोडे तिकडून’ सुरुवात करून पाहिले, या म्हणण्याला फारसे वजन राहत नाही.

‘न्यूमरिकल रेसिपीज’ या १९८६ पासून गाजलेल्या ग्रंथाच्या लेखकांनी तर स्पष्ट लिहून टाकले की एकाहून अधिक अरेषीय समीकरणांसाठी चांगली सर्वसाधारण पद्धत अस्तित्वात नाही. विधान टोकाचे वाटते, पण त्यांचे कारण भूमितीचे आहे. पहिले समीकरण प्रतलावर एक वक्र आखते, दुसरे दुसरा वक्र. या दोन वक्रांना एकमेकांशी काही देणेघेणे नसते. ते कुठे भेटतील, किती वेळा भेटतील, हे एकाकडे पाहून दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही.

दोनच अज्ञात असतील तर मात्र एक सवलत आहे: वक्र प्रत्यक्ष काढता येतात. अमेरिकेतले गणितज्ञ स्टॅन वॅगन यांनी या सवलतीचा नेमका उपयोग केला. पहिल्या समीकरणाचा वक्र बारीक जाळीवर आखून घ्यायचा, त्यावरून एकेक बिंदू चालत जायचे, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या समीकरणाची किंमत पाहायची. जिथे तिचे चिन्ह धनाचे ऋण होते, तिथे मधे कुठेतरी छेद आहेच. तो बिंदू न्यूटनच्या हवाली करायचा. आरंभबिंदू आता दैवाधीन राहत नाही, वक्रच तो पुरवतो.

२००२ मध्ये ऑक्सफर्डच्या निक ट्रेफेथन यांनी जगापुढे दहा गणिते ठेवली, प्रत्येकाचे उत्तर दहा अंकांपर्यंत काढायचे, सगळी जमल्यास शंभर अंक. चौथ्या गणितात साइन आणि घातांकी फलनांची अशी भेळ होती की तिचा आलेख खिळ्यांच्या फळीसारखा दिसतो. त्याची सर्वांत खोल जागा शोधायची. खोल जागी दोन्ही दिशांचा उतार शून्य असतो, म्हणजे पुन्हा दोन समीकरणे आणि दोन अज्ञात. −१ ते १ एवढ्या लहान चौरसात या जोडीची २७२० उत्तरे आहेत. त्यांत खळगे आहेत, शिखरे आहेत आणि खिंडी आहेत. सर्वांत खोल खळग्यातली किंमत −३.३०६८६८६४७… वॅगन यांनी याच स्पर्धेवरच्या पुस्तकात या गणितावरचे प्रकरण लिहिले आणि वक्र चालून जाण्याची रीत तिथे मांडली. २७२० हा आकडा आरंभबिंदू उधळून मिळाला असता तर कोणी त्यावर विश्वास ठेवला नसता, आणि तेच योग्य ठरले असते.

या पद्धतीतही भोके आहेत. जाळीच्या दोन रेघांमध्ये मावेल एवढा छोटा बंद वक्र असला तर तो आखलाच जात नाही. आणि दोन वक्र एकमेकांना छेदण्याऐवजी नुसते स्पर्श करून परत फिरले, तर चिन्ह बदलतच नाही. उत्तर डोळ्यांदेखत निसटते. ही स्पर्शाची अडचण लक्षात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा येणार आहे.

पक्की हमी हवी असेल तर शोधण्याची दिशा उलटी करावी लागते. उत्तर कुठे आहे हे विचारायचे नाही, कुठे नाही हे सिद्ध करत जायचे. रॅमन मूर यांच्या १९६६ च्या पुस्तकाने रूढ केलेले अंतराल-गणित हेच करते. त्यात संख्येऐवजी संख्यांचा पट्टा घेऊन आकडेमोड होते, आणि संगणकाची पूर्णांकनाची चूकसुद्धा पट्टा किंचित रुंद करून आत घेतली जाते. आपल्याच जोडीत अ आणि ब दोघेही ० ते १ च्या चौकोनात असतील तर अ² + ब ची किंमत ० ते २ मध्येच राहणार. ११ शक्य नाही. एका वाक्यात असंख्य बिंदू निकालात निघाले. ज्या चौकोनाबद्दल असे म्हणता येत नाही त्याचे चार तुकडे करायचे आणि पुन्हा तपासायचे. शेवटी मूठभर बारीक चौकोन उरतात. त्यांच्यासाठी क्रावचिक यांची १९६९ ची कसोटी आहे, जी लागू पडली तर ‘या चौकोनात नेमके एक उत्तर आहे’ असे प्रमेयाच्या तोलाचे विधान मिळते.

पण चौकोनांत तोडायचे ते काय, प्रतल तर अनंत आहे? इथे संगणकाआधी कागद-पेन्सिल लागते. आपल्या जोडीत समजा अ ची केवल किंमत ५ किंवा अधिक आहे. मग ब = ११ − अ² म्हणून ब ची केवल किंमत निदान १४. आणि अ = ७ − ब² म्हणून अ ची केवल किंमत निदान १८९. अ पाचाऐवजी दुसऱ्या कोणत्याही मोठ्या संख्येपासून सुरू केला तरी ही पाठशिवणी जुळत नाही, दर फेरीला आकडा फुगतच जातो. ब पाचाच्या पलीकडे असेल तर अ ची केवल किंमत निदान १८ व्हावी लागते, जे आत्ताच अशक्य ठरले. तेव्हा सगळी वास्तव उत्तरे −५ ते ५ च्या चौरसात आहेत. तीन ओळींचा हा युक्तिवाद नसेल, तर आत कितीही काटेकोर चाळणी लावली तरी ‘सगळी’ म्हणण्याचा अधिकार मिळत नाही.

तिसरा मार्ग मोजणीचा. एत्येन बेझू यांच्या १७७९ च्या ग्रंथातल्या प्रमेयानुसार बहुपदी समीकरणांच्या दोन वक्रांना सामाईक भाग नसेल, तर त्यांचे छेदबिंदू घातांच्या गुणाकाराहून अधिक नसतात. आपली दोन्ही समीकरणे दुसऱ्या घाताची, म्हणून जास्तीत जास्त चार. चार सापडली, थांबा. ब चे निरसन केले तरी हेच दिसते: अ⁴ − २२अ² + अ + ११४ = ०, त्यातून अ = ३ काढले की अ³ + ३अ² − १३अ − ३८ = ० उरते, आणि त्याला तीनच मुळे. मोजणी आधी हातात असली की साध्या शोधालाही पूर्णविराम मिळतो. होमोटोपी पद्धतीने तर या मोजणीचेच यंत्र केले आहे. अ² = १, ब² = १ या सोप्या जोडीची चार उत्तरे घ्यायची, समीकरणे हळूहळू सरकवत आपल्या जोडीपर्यंत आणायची, आणि संमिश्र संख्यांच्या प्रदेशातून चारही उत्तरांचा माग काढत जायचा.

बहुपदी नसेल तेव्हा मोजणी दुर्मिळ असते, आणि मिळते तेव्हा अनपेक्षित ठिकाणाहून मिळते. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानामुळे वाकतो आणि एका ताऱ्याच्या अनेक प्रतिमा पडतात. प्रतिमा आकाशात कुठे दिसतील, हा दोन अज्ञातांच्या दोन समीकरणांचाच प्रश्न आहे. एका बिंदुवस्तुमानाने दोन प्रतिमा पडतात. तारा आणि त्याचा ग्रह अशी दोन वस्तुमाने असतील तर तीन किंवा पाच. चार कधीच नाहीत, सहाही नाहीत. वस्तुमाने दोन किंवा अधिक असतील तेव्हा त्यांच्या संख्येच्या पाचपटीतून पाच वजा केले की कमाल आकडा मिळतो. तेवढ्या प्रतिमा खरोखर पडतील अशी मांडणी सन हाँग री या खगोलशास्त्रज्ञ महिलेने २००३ मध्ये दाखवली. त्याहून अधिक अशक्य आहेत हे २००६ मध्ये दिमित्री खाविन्सन आणि जेनेव्रा नॉयमन यांनी सिद्ध केले, आणि गंमत म्हणजे ते दोघे खगोलशास्त्रासाठी नव्हे तर शुद्ध गणितातल्या एका प्रश्नासाठी झटत होते.

हा आकडा शोभेचा नाही. तारा आणि ग्रह असा प्रकाश वाकवतात तेव्हा प्रतिमा सुट्या दिसत नाहीत, सर्वांच्या प्रकाशाची बेरीजच मोजली जाते. एक प्रतिमा हिशेबातून सुटली की तेजाचा आलेख चुकतो, आणि त्याच आलेखातल्या उसळ्यांवरून ग्रह आहे की नाही हे ठरते. या रीतीने सापडलेला पहिला ग्रह २००३ च्या निरीक्षणांतला. दोन वस्तुमानांचे समीकरण निरसनाने पाचव्या घाताच्या बहुपदीत उतरते. तिच्या पाच मुळांतली दोन कधी कधी मूळ समीकरणाला लागूच पडत नाहीत, म्हणून प्रत्येक मूळ परत ठेवून तपासावे लागते.

मोजणी निरीक्षकाला कामालाही लावते. १९७९ मध्ये पहिले गुरुत्वीय भिंग सापडले तेव्हा क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसल्या. विल्यम बर्क यांनी १९८१ मध्ये दाखवले की वस्तुमान गुळगुळीत पसरलेले असेल तर प्रतिमांची संख्या विषम असायला हवी. मग तिसरी कुठे? या हरवलेल्या प्रतिमेच्या प्रश्नावर १९८६ मध्ये लिहिणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे होते, के. सुब्रमणियन त्यांच्यासोबत होते. भिंगाचा गाभा पुरेसा घट्ट असेल तर मधली प्रतिमा इतकी मंद होते की दुर्बिणीला दिसत नाही. ती नाही असे नव्हे.

आता ती स्पर्शाची अडचण. दूरचा तारा एका विशिष्ट रेषेपाशी आला की दोन प्रतिमा एकमेकींत मिसळतात आणि रेषा ओलांडली की दोन्ही नाहीशा होतात; पाचाच्या तीन होतात त्या अशा. ज्या ठिकाणी दोन उत्तरे एकत्र येतात तिथे प्रत्येक पद्धत लंगडते. वक्रावर चिन्ह बदलत नाही. न्यूटनची अंकदुप्पट थांबते, चूक दर पायरीला जेमतेम निम्मी होत राहते. अंतराल-गणितातले चौकोन ना बाद होतात ना पक्के, नुसते बारीक होत जातात. आणि नेमकी हीच ठिकाणे भौतिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची असतात.

विजेच्या जाळ्यात हे रोजचे आहे. तिथले लोड फ्लोचे गणित टिनी आणि हार्ट यांच्या १९६७ च्या निबंधापासून न्यूटन–राफसननेच होते. सर्वांत लहान उदाहरण घेऊ: एका टोकाला वीजकेंद्र, मधे तार, दुसऱ्या टोकाला शुद्ध रोधी भार. अज्ञात दोन, भाराकडचे व्होल्टेज आणि त्याचा कोन. एकके सोयीची निवडली तर समीकरणे अशी: व्होल्टेज गुणिले कोनाचे साइन बरोबर भार, आणि व्होल्टेज बरोबर कोनाचे कोसाइन. भार ०.४ असेल तर दोन उत्तरे येतात. एक ०.८९४ व्होल्टेज आणि २६.६ अंश. दुसरे ०.४४७ आणि ६३.४ अंश. दोन्हींचा ताळा जुळतो. इंजिनिअर नेहमी व्होल्टेज १ आणि कोन शून्य धरून सुरुवात करतो, म्हणून त्याला पहिले मिळते. जाळे चालवायचे असते तेही त्याच स्थितीत. दुसरे कागदावर पडून राहते, पण ते किती दूर आहे यावरून जाळ्यात किती दम शिल्लक आहे हे कळते. भार वाढवत नेला की दोन्ही उत्तरे एकमेकांकडे सरकतात आणि भार ०.५ झाला की ०.७०७ व्होल्टेज, ४५ अंश इथे एक होतात.

भार ०.६ केला तर प्रोग्रॅम काही फेऱ्या मारतो आणि ‘कन्व्हर्ज झाले नाही’ असे छापून थांबतो. आरंभबिंदू वाईट निवडला तरी तो अगदी हेच छापतो. टेबलापाशी बसलेल्या माणसाने यावरून काय समजायचे? दोन बसच्या, म्हणजे दोन टोकांच्या, या जाळ्यात कागदावर सांगता येते: दुप्पट कोनाचे साइन १.२ यावे लागेल, ते शक्य नाही, म्हणून उत्तरांचा संच रिकामा आहे. शेकडो बसच्या खऱ्या जाळ्यात असे एका ओळीत सांगता येत नाही. तिथे भार थोडा थोडा वाढवत उत्तराचा माग काढत त्या वळणापर्यंत जावे लागते, आणि तिथवर पोहोचल्यावरही जे सिद्ध होते ते त्याच एका उत्तराच्या वाटेपुरते.